दोर तुटला तर काय होतंय, मामा?

निपाणीहून अक्काचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. एरवी त्या वेळेला ती झोपलेली असते. तिच्या पोरीला ग्लायडर उडवायला शिकायचंय. कॉलेजात एनसीसीला आहे, पुण्याच्या हडपसरचं ग्लायडिंग केंद्र तिच्या डोक्यात बसलंय. आणि त्याच दिवशी कुणीतरी अक्काच्या मोबाईलवर एक बातमी पाठवली होती : विंचनं ग्लायडर वर ओढताना अपघात, शिकणारा जागीच गेला.

"अरे, दोरीनं ओढून वर सोडतात म्हणं. दोरी तुटली तर पोरगी खालीच की रे!"

मागून भाचीचा आवाज आला, "मामालाच विचार की. मामा विंचवर होता न्हवं?"

होतो. हवाई दलात मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. त्यातली काही वर्षं ग्लायडिंगच्या मैदानावर गेली, आणि विंचच्या पिंजऱ्यात बसून कितीतरी ग्लायडरं मी वर सोडली. आता बेळगावात घराच्या गच्चीवरून सांबऱ्याला उतरणारी विमानं बघतो. फोनवर अक्काला मी जे सांगितलं ते अर्धवट होतं, तिची भीती गेली नाही. आपल्या भागात घरटी एक माणूस फौजेत आहे, आणि आता पोरीही विमानाकडं बघायला लागल्यात. म्हणून सगळ्याच अक्कांसाठी हे नीट लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळं तिच्याभोवती फिरतं. दोर तुटल्यानं ग्लायडर पडत नाही. ते पडतं हवेतला वेग संपल्यानं, आणि वेग संपतो नाक वर राहिल्यानं. दोर तुटणं ही शिकवणीत धरलेलीच गोष्ट आहे.

ग्लायडरला इंजिन नसतं. शिकवणीसाठी जगभर वापरलं जाणारं जर्मनीचं एएसके २१ घ्या, ते १९७९ पासून वापरात आहे. फायबरचं, पुढं-मागं दोन जागांचं, पुढं शिकणारा आणि मागं शिक्षक. दोन्ही पंख मिळून १७ मीटर, म्हणजे आपल्या लाल बसच्या दीडपट. एक मीटर खाली येताना ते ३० मीटरहून जास्त पुढं सरकतं. म्हणजे एकदा उंचीवर गेलं की दोर नसलेलाच बरा, ते निवांत घसरत येतं. आपल्या देशातही रोहिणी नावाचं लाकडी ग्लायडर बनलं होतं, त्यात दोघं शेजारी-शेजारी बसायचे. सवाल फक्त वर कसं जायचं हा आहे. एक रीत म्हणजे दुसऱ्या विमानानं ओढत न्यायचं, ती महाग. दुसरी रीत विंचची.

विंच म्हणजे मोठं इंजिन आणि त्याला जोडलेला ड्रम. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये साधारण एक किलोमीटर दोर पसरलेला. दोर पोलादाचा असतो, हल्ली कृत्रिम धाग्याचाही असतो. आधी सावकाश ढील काढायची. दोर ताठ झाला की पूर्ण ओढ. तीन-चार सेकंदांत ग्लायडर जमीन सोडतं, मग नाक वर करून पतंगासारखं चढतं. पोरगं मांजा धरून पळतं आणि पतंग डोक्यावर चढतो, तोच प्रकार, फक्त इथं मांजा ड्रमवर गुंडाळला जातो. ग्लायडर विंचच्या डोक्यावर आलं की वैमानिक दोर सोडून देतो. एक किलोमीटर दोरावर साडेतीनशे-चारशे मीटर उंची मिळते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाऊण मिनिटसुद्धा लागत नाही.

त्या पाऊण मिनिटात जीवघेण्या जागा तीन आहेत, आणि तिन्ही जमिनीजवळ.

पहिली जागा ग्लायडर अजून गवतावर असतानाच येते. ग्लायडरला मध्ये एकच मुख्य चाक, त्यामुळं उभं असताना एक पंख खाली टेकलेला असतो. म्हणून एक माणूस पंखाचं टोक धरून उभा राहतो आणि दोर ओढला की दोन-चार पावलं बरोबर पळतो. पहिल्या सेकंदाला वेग इतका कमी असतो की पंखावरच्या पट्ट्यांना हवेची पकड मिळत नाही, काठी, म्हणजे वैमानिकाच्या हातातला ग्लायडर वळवायचा दांडा, कितीही हलवा. अशात आडवा वारा आला, किंवा पंख धरणाऱ्यानं टोक जरा मागं ओढून धरलं, तर पंख खाली जातो. टोक गवतात अडकलं की ग्लायडर त्या टोकाभोवती फिरतं. पण विंच अजून ओढतेच आहे. दुसरा पंख वेगानं वर उचलला जातो आणि ग्लायडर चाक घरंगळावं तसं पंखावरून उलटं होतं. टोक टेकल्यापासून उलटं होईपर्यंत एखादा सेकंद.

यावर उपाय एकच, आणि तो वैमानिकाच्या डाव्या हातात असतो. दोर सोडायची मूठ पिवळी असते, कुठल्याही ग्लायडरात बसा, पिवळीच. ओढ सुरू होण्याआधीपासून डावा हात त्या मुठीवर पाहिजे. पंख सरळ राहत नाहीत असं वाटलं की, टोक जमिनीला लागायच्या आधी, मूठ ओढायची. लागल्यावर नाही. आणि हात मुठीवर पाहिजे म्हणजे मुठीवरच, जवळ ठेवून भागत नाही. धक्का बसल्यावर हात शोधायला लागला की तो सेकंद गेला.

हे मी पाहिलंय. उन्हाळ्याची दुपार होती, मी विंचवर. एक किलोमीटरवरून ग्लायडर म्हणजे झळांमध्ये हलणारी एक आडवी रेघ असते. वैमानिकाचं तोंड दिसत नाही, हात दिसत नाही, फक्त रेघ दिसते. ओढ दिली आणि रेघ तिरकी झाली. वाट बघायची नसते हे अंगात भिनलं होतं, म्हणून मी पुढचं काही दिसायच्या आत थ्रॉटल बंद केला. ग्लायडर गवतात अर्धा फेरा घेऊन थांबलं. शिकणारा पोरगा अठरा वर्षांचा, बाहेर आला तेव्हा पांढराफटक. त्याचा हात मांडीवर होता, मुठीवर नव्हता. मैदानावर कुणी कुणाला ओरडलं नाही. त्या दिवशी आमच्या तिथं पुढचं उड्डाण झालं नाही. रात्री मला झोप लागली नाही, आणि आजही तिरकी रेघ दिसली की छातीत धस्स होतं.

दुसरी जागा : ग्लायडरनं जमीन सोडली आणि आता नाक वर करायचं. आपल्या निपाणी-चिकोडीच्या माणसाला हे समजवायला मला कागद लागत नाही. उसानं भरलेली ट्रॉली चिखलात रुतली, आणि ड्रायव्हरनं क्लच झटक्यात सोडला तर काय होतं? ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. जोर लागतो खाली, वजन असतं वर, म्हणून तोंड वर होतं. ग्लायडरचंही तसंच. दोराचा हुक पोटाखाली, वजनाचा मध्य त्याच्या वर. विंचनं जोरात ओढलं की नाक आपोआप वर जायला बघतं. वैमानिकानं काठी पुढं धरून त्याला आवरायचं, आणि सपाट उड्डाणापासून साधारण ३५ अंशांच्या चढापर्यंत निदान पाच सेकंद घेऊन हळूहळू न्यायचं.

पाच सेकंदच का? इथं स्टॉल हा शब्द समजून घ्यायला हवा. गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं. पंखाचा स्टॉल वेगळा. हवा पंखावरून चिकटून वाहते तोवर पंख वजन उचलतो. पंख हवेला फार उभा धरला की हवा वरून सुटते आणि उचल कोसळते. सरळ उडताना एएसके २१ ला ही वेळ येते ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. पण ६५ हा आकडा फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाचा. विंचवर दोर खाली ओढत असतो, आणि नाक झटक्यात वर घेतलं तर पंखावर आणखी ताण येतो. पंखावरचा भार दुप्पट झाला तर स्टॉलचा वेग सुमारे १.४ पट होतो, म्हणजे ६५ चा झाला ९२. वेगाचा काटा ८५ दाखवतोय, वैमानिकाला वाटतंय वीस किलोमीटर शिल्लक आहेत, आणि खरं म्हणजे पंख आधीच हरलाय. दोन्ही पंख एकदम हरत नाहीत. एक आधी पडतो, ग्लायडर गरकन पाठीवर होतं. जमीन वीस-तीस मीटरवर. यातून कुणाला परत येता येत नाही, शिक्षकालाही नाही. म्हणून त्या पाच सेकंदांची घाई कुणी करू नये, आणि वेग वाढत नसेल तर नाक वर न्यायचंच नाही.

आता तिसरी जागा, म्हणजे अक्काचाच प्रश्न, दोर तुटला तर.

समजा ग्लायडर ताशी १०० किलोमीटरनं, नाक ४५ अंश वर करून चढतंय, उंची साठ-सत्तर मीटर. फट्‌ असा आवाज आणि ओढ गेली. दगड उभा वर फेकला तर त्याचा वेग दर सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर ताशीनं घटतो. ४५ अंशांच्या चढावर ही घट २५ असते. म्हणजे १०० चे एका सेकंदात ७५, आणि दीड सेकंदात स्टॉलचा आकडा समोर. माणसाला "अरे, काय झालं?" असं वाटायलाच एक सेकंद जातो.

म्हणून आधी काठी पुढं. ठाम. नाक क्षितिजाच्या खाली, नेहमी उतरताना असतं त्याहून खाली. मग पिवळी मूठ ओढून दोराचा उरलेला तुकडा सोडायचा. आणि मग सगळ्यात अवघड काम, थांबायचं. वेगाचा काटा उतरण्याच्या वेगावर, म्हणजे नव्वदच्या वर, येईपर्यंत वळायचं नाही, एअरब्रेक (उचल कमी करून ग्लायडर खाली आणणाऱ्या पंखावरच्या फळ्या) उघडायचे नाहीत, काही करायचं नाही.

हे थांबणं का अवघड, ते जरा खोलात सांगतो, कारण कितीतरी माणसं या जागी गेलीत. काठी पुढं ढकलली की झोपाळा वरून परत फिरताना वाटतं तसं पोटात गोळा येतो. अंग हलकं होतं. त्या क्षणी पंखावरही भार कमी असतो, म्हणून वेग पन्नास-साठ असूनही पंख हरत नाही. नाक खाली आलं, समोर जमीन दिसली, सगळं ठीक वाटतं. पण ग्लायडर अजून उडत नाहीये, फेकलेल्या चेंडूसारखं वरून खाली वळतंय. वेग परत जमायला दोन-चार सेकंद लागतात. त्या आधी कुणी काठी मागं घेतली, वळायला पंख कलवला किंवा एअरब्रेक उघडला, की भार परत पंखावर आला आणि वेग अजून आलेलाच नाही. उलटीही चूक होते. पोटातल्या गोळ्यालाच नवखा माणूस स्टॉल समजतो आणि काठी आणखी पुढं दाबत जातो, जमीन येईपर्यंत. भावनेवर जायचं नाही, काट्यावर जायचं. वरच्या वाऱ्यातून खाली येताना वारा पडतो, त्यानंही वेग आणखी थोडा कमी होतो. आपल्याकडं वळवाच्या आधी सोसाट्याचं सुटतं त्या दिवशी हे फार जाणवतं.

वेग जमला की कुठं उतरायचं ते उंची ठरवते. खाली असाल तर सरळ समोर, उरलेल्या मैदानावर. भरपूर वर असाल तर छोटा फेरा मारून परत. मधली उंची तेवढी विचाराची, आणि तो विचार उडायच्या आधी जमिनीवर करून ठेवायचा असतो. सांबऱ्याहून शिकवणीसाठी उडालेलं एक छोटं विमान २०२३ च्या मे महिन्यात बिघाडामुळं होन्निहाळजवळच्या शेतात उतरवावं लागलं होतं, आतले दोघंही वाचले. इंजिन असो-नसो, रीत हीच : नाक खाली, वेग राखायचा, समोरची जमीन घ्यायची.

ही गोष्ट नवी नाही. ज्यांच्यापासून माणसाचं उडणं सुरू झालं ते जर्मनीचे ओटो लिलिएंथाल ९ ऑगस्ट १८९६ ला असेच गेले. वाऱ्याच्या झोतानं ग्लायडरचं नाक वर झालं, वेग संपला, १५ मीटरच्या आसपास उंचीवरून ते पडले आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारले.

दोर मुळात तुटतोच का, असं भाचीनं विचारलं. तुटावा म्हणून त्यात एक कच्ची कडी मुद्दाम घातलेली असते. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट आठवा. दगड लागला की दहा-वीस रुपयांचा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आणि वैतागून कुणी तिथं कडक पोलादाचा बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच फुटतो, हे उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा. ग्लायडरच्या दोरातही अशी कडी असते. ओढ फार झाली तर ती तुटते आणि पंख वाचतात. ताकदीप्रमाणं तिचे रंग ठरलेत : काळी साधारण एक टनाला तुटते, पांढरी अर्ध्या टनाला. कुठल्या ग्लायडरला कुठली, हे त्याच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. रंग चुकला की मग काहीच खरं नाही. रोज सकाळी ती कडी मी बोटांनी चाचपून बघायचो, भोक लांबट झालं असेल तर फेकून द्यायचो.

शिवाय हुकलाच अशी सोय असते की दोर मागच्या बाजूला जाऊ लागला तर तो आपोआप सुटतो. आणि हुक अडकलाच तर विंचवाल्याकडं दोर तोडायचं पातं असतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला ते एकदाही चालवावं लागलं नाही, पण त्याची धार दर आठवड्याला बघायचो.

तुटलेल्या दोरापेक्षा मला जास्त भीती हळूहळू मरणाऱ्या इंजिनाची वाटायची. दोर तुटला की आवाज होतो, धक्का बसतो, माणूस जागा होतो. विंचचं इंजिन डिझेल कमी मिळून दमायला लागलं तर आवाज नाही, धक्का नाही. ग्लायडर चढतंय, फक्त जरा मंद. चढ कमी झालेला आवडत नाही म्हणून हात नकळत काठी मागं घेतो, नाक आणखी वर, वेग आणखी खाली. काटा घसरताना दिसला की लगेच नाक खाली करून दोर सोडायचा. दुसरा उपाय नाही.

मग शिकवणीत माणसं का मरतात, मागं शिक्षक बसलेला असतो की? अक्काचा हा प्रश्न मला सगळ्यात बरोबर वाटला. शिक्षकाकडं दुसरी काठी असते, दुसरी पिवळी मूठ असते, पण वेळ तीच दीड सेकंद. शिकणारा स्वतः सावरतोय का, हे बघायला त्यानं एक सेकंद दिला की त्याच्याकडं अर्धाच उरतो. आणखी एक कठीण गोष्ट अशी की दोर तुटल्याचा सराव करायला शिक्षक मुद्दाम, न सांगता, दोर सोडतो. तो सराव झालाच पाहिजे. पण फार खालच्या उंचीवर केलेल्या अशा सरावांतच अपघात झालेत. म्हणून चांगला शिक्षक आधी वरच्या उंचीवर, सांगून, करून दाखवतो. मग जरा खाली. न सांगता सोडायचं ते पोराचा हात आपोआप पुढं जायला लागल्यावरच.

या सगळ्यावर काम झालंय, आणि त्याचं फळ मिळालंय. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशननं जुने अपघात एकेक करून तपासले आणि विंचची शिकवणी नव्यानं बांधली. नवं यंत्र आणलं नाही. वर सांगितलं तेच : हात मुठीवर, पंख सरळ नसेल तर सोड, नाक सावकाश वर, ओढ गेली की नाक खाली आणि वेगाची वाट बघ. त्यानंतर तिथं विंचवरच्या मृत्यूंचं आणि गंभीर जखमांचं प्रमाण स्पष्टपणे खाली आलं. म्हणजे त्या आधी गेलेली बरीच माणसं वाचू शकली असती. हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते खरं आहे.

अपघात झाल्यावर तपास होतो तो कुणाला फासावर चढवायला नसतो. आपल्याकडं हे काम विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. तपासणारे आधी दोराचं टोक बघतात, कडी तुटलीय की दोर सोडला गेलाय. हुक उघडा की बंद. एअरब्रेक बाहेर आलेत का. वारा कुठून होता, विंचवर कोण होतं आणि त्यानं काय पाहिलं. पंख धरणाऱ्यालाही विचारतात. गावात मात्र पहिल्याच दिवशी "पोरालाच येत नव्हतं" असं बोलून मोकळं होतात. दीड सेकंदात चुकलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, त्याच्या आईपर्यंत ते जातं.

अक्काला मी शेवटी सांगितलं की पोरीला अडवू नको, पण पाठवताना शिक्षकाला चार गोष्टी तोंडावर विचार. पोरीनं एकटीनं उडायच्या आधी दोर तुटल्याचा सराव किती वेळा होणार? तो कुठल्या उंचीपासून सुरू करता? विंचवर बसणाऱ्याला कुणी शिकवलंय? वारा आडवा असला तर उड्डाण थांबवता का? यावर जो चिडेल त्याच्याकडं पोरगी ठेवू नये. जो बसवून सविस्तर सांगेल, त्याच्याकडं ठेवावी.

भाचीनं त्यानंतर स्वतःच एक सवय लावून घेतलीय. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसते, उजव्या हातात लाटणं, डावा हात गुडघ्याजवळ बांधलेल्या पिवळ्या चिंधीवर. धाकटा भाऊ कधीही मागून "तुटला!" म्हणून ओरडतो. लाटणं पुढं, चिंधी ओढायची, आणि तोंडानं काटा वाचायचा : साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. नव्वद म्हटल्याशिवाय मान वळवायची नाही. परवा भाकरी थापता थापता अक्काच तिला ओरडून बोलली, "ऐंशीलाच बघितलीस की गं इकडं."

आता अक्कालाही तिच्याबरोबर जायचंय, विंच कशी असते ते बघायला. मी तिला सांगून ठेवलंय, दोर जिथून पसरलाय त्या पट्ट्याकडं जायचं नाही, ग्लायडरच्या मागं, पंखाच्या टोकापासून लांब उभं राहायचं, आणि दोर ताठ होताना दिसला की तिथला माणूस सांगेपर्यंत जागेवरून हलायचं नाही.